मालासादा, गोड पाव आणि विंदालू : हवाई बेटांवरचं पोर्तुगीज खाणं

समुद्रकाठ

नमस्कार मंडळी,

यंदा महाशिवरात्रीचा उपास सोडून दोन दिवस होतात न होतात तोच शेजारच्या आंटींचा फोन आला. "उद्या पहाटे पाचला ये. पीठ रात्रीच भिजवून ठेवतेय."

होनोलुलूला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. इथे वयाने मोठ्या बाईला ओळखदेख असो-नसो, सगळे आंटीच म्हणतात. आमच्या आंटी पंच्याऐंशीच्या आहेत. वडिलांकडची माणसं अटलांटिक महासागरातल्या अझोर्स या पोर्तुगीज बेटसमूहातल्या साव मिगेल बेटावरची, आईकडची तिकडच्याच मदेरा या पोर्तुगीज बेटावरची. दोन्हीकडचे आजोबा इथे उसाच्या मळ्यात मजुरीला आले.

ख्रिश्चनांचा चाळीस दिवसांचा उपासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याच्या आदल्या मंगळवारी घरातली चरबी, अंडी, साखर संपवून टाकायची म्हणून तळण काढायचं, ही जुनी पोर्तुगीज रीत. ते तळण म्हणजे मालासादा. हवाईत त्या मंगळवाराला 'मालासादा डे'च म्हणतात. जपानी, फिलिपिनो, चिनी, मूळ हवाईयन, सगळे त्या दिवशी बेकऱ्यांपुढे रांगा लावतात.

पहाटे गेले तर ओट्यावर मोठं पातेलं, त्यावर ओला पंचा, आणि पीठ पंच्याला वर ढकलत होतं. आंटींनी बोटं वितळलेल्या लोण्यात बुडवली, लिंबाएवढा गोळा तोडला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी बाहेर ओढत नेला. मध्ये इतका पातळ झाला की पलीकडचा दिवा दिसावा, कडा मात्र जाड. तसाच वेडावाकडा तेलात सोडला. कडा टम्म फुगल्या, मधला भाग कुरकुरीत झाला. बाहेर काढून गरम असतानाच साखरेत लोळवला. बेकरीत मिळतो तो मालासादा गोल गरगरीत चेंडूसारखा असतो. आंटी म्हणतात, "आईचा असाच असायचा, पसरट. चेंडू दुकानांनी केले."

माझ्या मनात बरेच दिवस एक गोष्ट घोळते आहे, तीच इथे मांडते. आपल्याकडे पोर्तुगीज आले ते गलबतं, तोफा आणि सत्ता घेऊन. इथे आले ते करारावरचे मजूर होऊन. पदार्थ तेच, लसूण तीच, व्हिनेगर तेच, पण ते कुणाच्या हातातून आले यावर त्यांचं पुढचं सगळं ठरलं असं मला वाटतं.

१८७५ साली हवाईच्या राज्याचा अमेरिकेशी करार झाला आणि इथली साखर तिकडे बिनजकातीची जाऊ लागली. मळे भराभर वाढले, माणसं अपुरी पडली. त्याच सुमारास मदेरात द्राक्षवेलींवर आधी बुरशी आणि मग मुळं खाणारी कीड पडून वाइनचा धंदा बसला होता. माणसं उपाशी होती आणि ऊस त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, कारण मदेरात पंधराव्या शतकापासून ऊस होता. ३० सप्टेंबर १८७८ ला 'प्रिसिला' जहाज मदेराहून पहिली कुटुंबं घेऊन होनोलुलूला लागलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून चार महिन्यांचा प्रवास! पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' आलं, त्यात चारशेहून जास्त माणसं होती. त्यातल्याच तिघा सुतारांनी मदेराच्या ब्रागिन्या नावाच्या छोट्या तंतुवाद्यावरून इथे युकुलेले घडवलं. हवाई म्हटलं की डोळ्यांपुढे येणारं वाद्यही असं पोर्तुगीज बेटावरचं.

ही माणसं बायकामुलांसकट आली, हे महत्त्वाचं. बाई आली म्हणजे चूल आली. मळ्यावरच्या वस्तीत त्यांनी दगडविटांच्या घुमटासारख्या भट्ट्या बांधल्या. तिला 'फोर्नु' म्हणतात. आत लाकडं पेटवायची, भट्टी तापली की निखारे-राख ओढून काढायची आणि नुसत्या साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. हवाईच्या कोना भागातल्या इतिहास मंडळाने अशी एक भट्टी बांधली आहे आणि दर आठवड्याला लोकांना हाताशी घेऊन तिथे पाव भाजतात. सरपण कियावेचं. झाड पाहिल्यावर मी चमकलेच, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण!

त्या भट्टीतला गोड पाव, म्हणजे 'पांव दोस', इथे घराघरात आहे. अंडी, लोणी, साखर घातलेला, पिवळसर, हाताने ओढला की धागे सुटतात. शिवाय लसूण-पाप्रिका घातलेलं पोर्तुगीज सॉसेज. इथल्या मॅकडॉनल्ड्समध्ये सकाळच्या ताटात अंडं, भात आणि हे सॉसेज मिळतं. त्या एका ताटात मळ्यावरची सगळी वस्ती दिसते मला. आणि राजमा, कोबी, बटाटा, गाजर, मॅकरोनी, डुकराच्या पायाचं हाड घालून तासन्‌तास रटरटणारं बीन सूप.

नाताळला आंटींकडे 'विन्या दाल्योस' होतं. डुकराचं मांस व्हिनेगर, लसूण आणि मिरचीत दोन-तीन दिवस मुरवायचं, मग परतायचं. त्यांनी झाकण काढलं आणि त्या वासाने मी थेट म्हापशात पोचले, मैत्रिणीच्या घरी, तिच्या आईच्या विंदालूपाशी. नाव तेच आहे : वाइन आणि लसूण. आपल्याकडे त्याचं विंदालू झालं आणि 'आलू' ऐकून लोक बटाटे घालू लागले.

तर मंडळी, तुमच्याकडच्या आठवणी, तुमचा आवडता पोर्तुगीज गोड पदार्थ आणि असे धागेदोरे इथे लिहा. मालासादा खाताना मला दर वेळी वाटतं की असं काहीतरी मी लहानपणी मुंबईत खाल्लंय. काय ते आठवत नाही.

---

जर्सीकर

वा, पोटभर लेख! इकडे न्यू जर्सीत नारिंगी पाकिटातले 'किंग्ज हवाईयन' गोड रोल मिळतात. ते मुळात तुमच्या त्या पोर्तुगीज पावावरून आलेत का? पाकीट उघडलं की एकमेकांना चिकटलेले बारा पाव, अगदी लादीच. आम्ही गेली कित्येक वर्षं वडापाव त्यातच करतो. गोडसरपणा पहिल्या घासाला खटकतो, पण लसणाची सुकी चटणी जास्त घातली की जमतं.

---

समुद्रकाठ

@जर्सीकर, हो, तोच. रॉबर्ट टायरा हे ओकिनावाहून आलेल्या मजुरांचे चिरंजीव. त्यांनी १९५० साली हवाईतल्या हिलो गावात बेकरी काढली, पुढे होनोलुलूच्या किंग स्ट्रीटवर आले, म्हणून 'किंग्ज'. लहानपणापासून शेजारच्या पोर्तुगीज घरांत खाल्लेला पाव त्यांनी जास्त मऊ आणि जास्त दिवस टिकेल असा केला. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात कारखाना काढला आणि तिथून तो 'हवाईयन ब्रेड' म्हणून सगळ्या अमेरिकेत गेला. अझोर्सच्या बाईचा पाव, जपानी माणसाची बेकरी, हवाईचं नाव आणि आत बटाटेवडा. मला हा प्रवास फार आवडतो.

---

जुनाजाणता

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु मला या विषयावर इतक्या सहज 'वा' म्हणता येत नाही. माझं आजोळ मुंबईजवळच्या साष्टीतलं. 'विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं' ही गोष्ट आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं ते १८१२ पर्यंत चाललं. वसईच्या किल्ल्यासाठी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेतली किती माणसं पडली ते आपण शाळेत शिकलो. आमच्या घरी कित्येक वर्षं पाव आणत नसत. पदार्थांची चव घेताना हे विसरलं जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

---

उत्तनची_लेक

@जुनाजाणता काका, तुमच्या आजींचं दुःख खरं आहे. पण काका, आम्हीही त्याच साष्टीतले. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे ख्रिश्चन, उत्तनचे. माझे पूर्वज तेव्हा बाटले की आपण होऊन गेले हे आज कुणाला सांगता येणार? आम्ही भात लावला, मासे मारले, मराठीत रडलो-हसलो. लग्नात आजही उंबराचं पाणी आणतो. आणि आमच्या आजीने केलेला पदार्थ हा कुठल्या गव्हर्नराचा नाही, तो आमच्या आजीचा आहे. समुद्रकाठताई म्हणतात तसं, पदार्थ कुणाच्या हातातून आला ते बघायचं तर आमच्याकडे तो शेवटी आजीच्याच हातातून आला.

आणि ताई, तुम्ही मुंबईत लहानपणी काय खाल्लंत ते मी सांगते. फुगे! आमच्याकडे लग्नात, नाताळात फुग्यांशिवाय पान नाही. मैदा, अंडी, नारळाचं दूध, यीस्ट (आजी माडी घालायची), चवीला साखर-मीठ. पीठ हाताने फेटायचं, मळायचं नाही. सैल असतं. फुगून दुप्पट झालं की डाव्या मुठीत घ्यायचं आणि अंगठा-तर्जनीच्या मधून दाबायचं, की वर गोळा येतो. तो ओल्या बोटाने उडवून कढत तेलात टाकायचा. टाकल्या टाकल्या फिरतो आणि लाडवासारखा गोल होतो. झाऱ्याने तेल वरून उडवत राहायचं. आत सगळी जाळी.

साखरेत लोळवत नाही आम्ही. फुगे खायचे ते सोरपोतेलबरोबर, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट रश्श्याबरोबर, नाहीतर इंद्यालबरोबर. इंद्याल म्हणजे तुमचं ते विंदालूच, पण आमच्या घरच्या बॉटल मसाल्यातलं.

---

समुद्रकाठ

@उत्तनची_लेक, अगं, फुगे! दुसरीत असताना बोरिवलीला बाईंच्या मुलीच्या लग्नाला गेले होते, केळीच्या पानावर ते गोल गोल... पस्तीस वर्षांनी नाव कळलं! किती आभार मानू?

@जुनाजाणता काका, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मला हेच म्हणायचं होतं, नीट मांडता आलं नाही. आपल्याकडे या खाण्याला सत्तेचा वास चिकटला आहे आणि तो आपण पुसू नये. इथे ते खाणं हरलेल्या, भुकेल्या माणसांबरोबर आलं. मळ्यावर पोर्तुगीजांना चिनी-जपानी मजुरांपेक्षा थोडी वरची वागणूक मिळे, मुकादम पुष्कळदा पोर्तुगीज असे, ही बाजूही आहे. ती आंटी स्वतःच सांगतात. पण मालक ते कधीच नव्हते. दुपारी उसाच्या फडात डबे उघडले की जपान्याचा भात, कोरियाची किमची, यांचा पाव आणि सॉसेज मध्ये ठेवून वाटून खायचे. तिथून ते सगळ्यांचं झालं. कुणी कुणावर लादलं नाही.

---

जुनाजाणता

पटलं. 'हरलेल्या माणसांबरोबर आलं' हे लक्षात राहील. आणि उत्तनच्या ताई, तुमचं आजीचं वाक्यही. आमच्या आजीने शेवटच्या आजारपणात चहात बुडवून खाल्ला तो पावच होता, हेही इथे नोंदवतो.

---

पणजीची_पोर

मी गोव्याची. आमच्याकडे उपासकाळाच्या आदल्या मंगळवारी आलेबेले करतात. मैद्याचं पातळ धिरडं, आत ओलं खोबरं आणि गूळ, वेलची, गुंडाळी करायची. हवाईत चरबी-साखर संपवायला मालासादा, आमच्याकडे माडाचा गूळ आणि नारळ. दिवस तोच, हेतू तोच, कोठारात जे होतं ते कढईत पडलं.

आवडता पदार्थ मात्र बिबिंक. नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, थोडा मैदा, तूप, जायफळ. एक थर ओतायचा, वरून विस्तव ठेवून भाजायचा, तूप लावायचं, मग दुसरा. सात थर तरी हवेतच. आई मातीच्या भांड्यावर नारळाच्या शेंड्यांचा विस्तव ठेवायची आणि सबंध दुपार तिथून उठायची नाही. बाजारचं बिबिंक मी खाते, पण थर मोजायची हौस घरच्यालाच.

आणि पोदेर, म्हणजे आमचा पाववाला. सकाळी सायकलचा भोंगा वाजला नाही तर उजाडल्यासारखं वाटत नाही.

---

लिस्बनवारी

मला पोर्तुगालमध्ये तीन महिने कामानिमित्त राहायचा योग आला. लोक बलकाबद्दल नेहमी विचारतात की या पदार्थांत इतके पिवळे बलक का? तिथे सांगतात ते असं : मठांत कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग लागे, बलक उरत, साखर वसाहतींतून येऊ लागलेली, म्हणून मठांतल्या साधूंनी-जोगिणींनी बलक आणि साखरेचे शेकडो गोड पदार्थ केले. पश्तैल द नाता त्यातलाच. १८३४ मध्ये पोर्तुगालने मठ बंद केले, आणि १८३७ पासून लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमुश मठाच्या जवळच एका दुकानात ते विकले जाऊ लागले. ते दुकान आजही चालू आहे.

तिथे उभं राहून खाल्ला. खारीपेक्षा पातळ पापुद्रे, आत कोमट कस्टर्ड, वर जळके काळे ठिपके. त्यावर दालचिनी भुरभुरवायची. जळका ठिपका म्हणजे चूक नव्हे, भट्टी पुरेशी कडक होती याची ती खूण. पुण्यात एका बेकरीत हौसेने मागवला तर थंडगार, वर एकही ठिपका नाही, खाली पीठ ओलं. त्या दिवशी मनापासून वाईट वाटलं, कारण बरोबर आईला घेऊन गेलो होतो, तिला 'तोच' चाखवायला.

अझोर्सलाही चार दिवस गेलो. तेर्सेरा बेटावर 'दोना अमेलिया' नावाचे छोटे केक मिळतात. १९०१ साली राणी अमेलिया बेटावर आली तिच्या नावाने. काकवी, दालचिनी, मनुका, मक्याचं पीठ. तोंडात टाकला आणि मला आपल्या संक्रांतीच्या गुळाच्या पोळीचा खमंगपणा आठवला. साव मिगेलवर फुर्नास गावी ज्वालामुखीच्या गरम जमिनीत भांडं पुरून मांस-भाज्या शिजवतात, आणि तिथलाच 'बोलु लेवदु' हा तव्यावरचा गोडसर जाड पाव. त्याच बेटावर गोरियाना हा १८८३ पासूनचा चहाचा मळा आहे. चहा आणि बोलु लेवदु, खिडकीबाहेर धुकं. महाबळेश्वरच वाटलं.

---

तिखटमीठ

चीनच्या किनाऱ्यावरच्या, पूर्वी पोर्तुगीजांकडे असलेल्या मकावला कुणी गेलंय का? आम्ही कोलोआनला गेलो होतो, ते पूर्वी वेगळं बेट होतं, आता भराव घालून जोडलंय. तिथली 'लॉर्ड स्टोज' बेकरी अँड्र्यू स्टो या इंग्रज माणसाने १९८९ मध्ये काढली. पोर्तुगीज नाता त्याने थोडा इंग्रजी कस्टर्डच्या वळणावर नेला, आणि आज तो मकावचा एग टार्ट म्हणून हाँगकाँग, तैवानपर्यंत खातात. माझा मुलगा सहा खाऊन सातवा मागत होता.

---

सिंहलद्वीप

कोलंबोत राहते. इथल्या बर्गर, म्हणजे युरोपियन वंशाच्या मिश्र समाजातल्या, घरांत नाताळाला 'लव्ह केक' हवाच : रवा, काजू, बलक, मध, गुलाबपाणी, जायफळ. बाहेरून कडक, आतून ओलसर. आणि 'बोलो फियादो', काजूचं सारण भरलेले थर. पोर्तुगीज इथून १६५८ ला गेले, मागून डच आले, इंग्रज आले, पण केकचं नाव अजून पोर्तुगीज 'बोलो'च. गोव्यात रवा-खोबऱ्याचा बातिक करतात ना, लव्ह केक खाताना मला सारखा तोच आठवतो.

---

शाकाहारी_भुकेला

सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलंय, पण आमच्याकडे अंडं चालत नाही. मालासादा बिनअंड्याचा होईल का? दही वगैरे घालून?

---

समुद्रकाठ

@शाकाहारी_भुकेला, खरं सांगते, दही घालून तळलेला गोड पाव होईल, चांगलाही लागेल, पण मालासादा होणार नाही. त्याची आतली ती ओलसर, ओढाळ जाळी अंड्यामुळे येते. नावाचा अर्थच 'नीट न भाजलेला' असा आहे, आत किंचित ओलाच असायला हवा.

त्यापेक्षा तुम्ही मदेराचा 'बोलु दु काकु' करा. नावात बोलु आहे, पण केक नव्हे, तो रताळ्याचा पाव आहे, अंडं नाही, दूध नाही, ओव्हनही नको! अर्धा किलो मैदा, पाव किलोच्या वर उकडून कुस्करलेलं रताळं, एक छोटा चमचा यीस्ट, मीठ, लागेल तसं कोमट पाणी. पीठ भाकरीच्या पिठापेक्षा सैल. दीड-दोन तास फुगू द्या. मग हाताएवढे, बोटभर जाडीचे चपटे गोळे करून पुन्हा अर्धा तास. जाड तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा, शेवटी कडा तव्यावर उभ्या फिरवून घ्या. मदेरात हा तापवलेल्या बसाल्टच्या शिळेवर भाजत, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड. गरम असताना मधून चिरून लसूण ठेचून घातलेलं लोणी भरायचं. तिथे पार्सली घालतात, मी कोथिंबीर घालते. पिठल्याबरोबर खाऊन बघा.

ज्यांना अंडं चालतं त्यांच्यासाठी आंटींचं मालासादाचं प्रमाण, मी वजन करून लिहून घेतलेलं : मैदा ४०० ग्रॅम, अंडी ३, साखर ५० ग्रॅम, वितळलेलं लोणी ३० ग्रॅम, डब्यातलं आटवलेलं बिनसाखरेचं दूध १२० मिली, कोमट पाणी साधारण ८० मिली, यीस्ट एक चमचा, मीठ अर्धा चमचा. पीठ हाताला चिकटायलाच हवं, वरून मैदा भुरभुरवू नका. दुप्पट फुगलं की लोण्याच्या बोटांनी ओढा. तेल १७५ अंशांवर. थर्मामीटर नसेल तर पिठाचा कण टाकून बघा, खाली जाऊन लगेच वर यायला हवा. वर येऊन काळवंडला तर तेल जास्त तापलंय, आत कच्चं राहील.

आणि लगेच खायचे. तासाभराने त्यांची मजा गेलेली असते. म्हणूनच इथे कपाहुलूच्या 'लेनर्ड्स' बेकरीत मागितल्यावर तळून देतात. फ्रँक लेनर्ड रेगो यांनी ती १९५२ साली सुरू केली. त्यांचेही आजी-आजोबा साव मिगेलचे. उपासकाळाच्या मंगळवारी मालासादा विकून बघ, असं त्यांच्या आईने सुचवलं म्हणतात. गिऱ्हाइकांनी ते एका दिवसापुरतं राहूच दिलं नाही. आता आत कस्टर्ड, चॉकलेट, नारळाचं हाउपिया भरलेलेही मिळतात. मला नुसता साखरेचाच आवडतो. गुलाबी खोका मांडीवर घेऊन गाडीत बसलं की खालून पाय भाजतात इतका गरम असतो.

---

शाकाहारी_भुकेला

काल रात्री बोलु दु काकु केला. पिठल्याबरोबर नाही, झुणक्याबरोबर. बाबांनी तीन खाल्ले आणि विचारलं की ही कुठली भाकरी? रताळ्याची गोडी आणि लसणाचं लोणी, फार छान. एक शंका : माझा मधे थोडा दडस राहिला.

---

समुद्रकाठ

रताळं गरम असतानाच मैद्यात घातलंत का? ते अगदी गार करून घ्या, नाहीतर यीस्ट दमतं. आणि आच अजून मंद, एका बाजूला सहा-सात मिनिटं तरी.

---

जर्सीकर

@समुद्रकाठ, मदेराच्या मधाच्या केकबद्दल लिहा ना. आमच्या नेवार्कच्या पोर्तुगीज वस्तीत काळाभोर गोल केक पाहिलाय.

---

समुद्रकाठ

'बोलु द मेल'. मेल म्हणजे मध, पण हा उसाचा मध, म्हणजे आपली काकवी. लवंग, दालचिनी, बडीशेप, अक्रोड, बदाम. रीत अशी की ८ डिसेंबरला, मेरीच्या सणाला करायचा आणि नाताळात खायचा. सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात. वर्षभर टिकतो. आंटींची आई गेल्या वर्षीचा शेवटचा तुकडा नवा केक करायच्या दिवशी सगळ्यांना वाटायची. मसाले आपल्या किनाऱ्यावरून आणि पूर्वेकडून गेले, ऊस मदेराचा. मला या सगळ्यांत हाच सगळ्यात जवळचा वाटतो, कारण वास आमच्या घरच्या गोडा मसाल्याच्या डब्याचा आहे.

---

समुद्रकाठ

मंडळी, दहा दिवसांनी परत लिहितेय.

उत्तनच्या ताईंच्या कृतीने रविवारी फुगे केले. पहिले सात-आठ लांबट झाले, मुठीतून गोळा सुटायचं तंत्र जमेना. मग पीठ थोडं अजून फेटलं आणि बोट पाण्यात बुडवून बघितलं, तेव्हा गोल यायला लागले. नारळाच्या दुधाचा वास घरभर. डबा भरून आंटींकडे नेला.

त्यांनी एक मोडून आतली जाळी बघितली, वास घेतला. साखरेचं ताट पुढे ओढत होत्या. मी म्हटलं, "साखर नाही, हे विन्या दाल्योसबरोबर खातात, आमच्या मुंबईच्या बेटावर." त्या थांबल्या. मग उठून फ्रीजरमधून नाताळचा राहिलेला डबा काढला, छोट्या कढल्यात गरम केला आणि फुगा त्या लाल तेलात दाबून धरला, स्पंजासारखा.

एक खाल्ला. दुसरा खाल्ला. मग म्हणाल्या, "नाताळच्या सकाळी आई याच तेलात पावाचे काप तळायची. मदेराची रीत. आई गेल्यापासून मी ते केलंच नाही, एकटीसाठी कोण करणार." बराच वेळ त्या डब्याकडे बघत होत्या. शेवटी विचारलं, "हे शिकवणारी कोण आहे?"

मी सांगितलं की समुद्राच्या पलीकडे उत्तन नावाचं गाव आहे, तिथली एक लेक.

@उत्तनची_लेक, त्यांनी तीन प्रश्न लिहून दिलेत : नारळाचं दूध किती, पाणी घालायचं का, आणि यीस्टऐवजी तुझी आजी माडी किती घालायची?

---

उत्तनची_लेक

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, तीही गप्प झाली.

आईने सांगितलंय तसं लिहिते. अर्धा किलो मैद्याला दोन अंडी आणि एका मोठ्या नारळाचं पहिलं दाट दूध. पाणी अगदी लागलंच तर दुसऱ्या दुधाचं. माडी आजी पेलाभर घालायची, पण सकाळची ताजी, दुपारची आंबट होते. तुमच्याकडे माडी मिळणार नाही, यीस्टच घाला. आणि आंटींना सांगा, पीठ फेटताना हात एकाच दिशेने फिरवायचा, मध्येच उलटा नाही. का, ते आईलाही माहीत नाही, पण आजी ओरडायची.